चार आकडी माणसांचे बुद्धिबळ

सर्व माणसे जन्मतः समान आहेत अशी ग्वाही देणारा जाहीरनामा ज्या फिलाडेल्फिया शहरात ४ जुलै १७७६ रोजी संमत झाला, त्याच शहरातल्या किंवा त्याच्या आसपासच्या एखाद्या हॉटेलात बहुतेक वर्षी जुलैच्या त्याच आठवड्यात ‘वर्ल्ड ओपन’ नावाची बुद्धिबळ स्पर्धा भरते आणि तिच्यासाठी आलेल्या समान माणसांची दारातच प्रतवारी केली जाते. १९७३ पासून चालत आलेल्या या स्पर्धेत प्रवेशशुल्क भरणाऱ्या कोणालाही खेळता येते, म्हणून ती खुली. मात्र आपल्या योग्यतेपेक्षा खालच्या गटात कोणालाही शिरता येत नाही, म्हणून ती तितकीशी खुली नव्हे. ही योग्यता ठरवणारा अंक म्हणजे रेटिंग, अर्थात खेळाडूच्या आजवरच्या निकालांवरून काढलेले आणि प्रत्येक स्पर्धेनंतर बदलणारे त्याचे गुणांकन. नवशिक्या मुलांचे रेटिंग तीन आकडीही असते. परंतु ज्यांना या विषयावर गंभीर चेहऱ्याने बोलण्याचा अधिकार प्राप्त झाला आहे, ती माणसे बहुधा चार आकडी असतात. दोन रेटिंगधारी खेळाडूंमधला डाव पाहणाऱ्यास पटावर बत्तीस मोहरे दिसतात, परंतु खरी झुंज पटावर नसलेल्या दोन अंकांमध्ये चाललेली असते, हे ध्यानात घेतल्यावाचून त्या डावातील बऱ्याच चालींचा उलगडा होत नाही.

या अंकांचे जनकत्व आर्पाद एलो यांच्याकडे जाते. हंगेरीत जन्मलेले आणि मिलवॉकी येथील मार्केट विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवणारे एलो स्वतः उत्तम खेळाडू होते. अमेरिकेच्या बुद्धिबळ महासंघाची स्थापना १९३९ सालची. त्याने १९५० साली केनेथ हार्कनेस यांची गुणांकनपद्धती स्वीकारली, ती असमाधानकारक ठरल्यावर १९६० साली एलो यांची पद्धती आणली आणि १९७० साली जागतिक संघटनेनेही तीच उचलली. तिचे तत्त्व साधे आहे. दोन खेळाडूंच्या रेटिंगमधील फरकावरून कोणाकडून किती गुणांची अपेक्षा ठेवावी हे आधी ठरवायचे आणि प्रत्यक्ष निकाल त्या अपेक्षेपेक्षा सरस ठरला तर अंक वाढवायचा, कमी पडला तर घटवायचा. दोनशे अंकांचा फरक असेल तर वरच्या खेळाडूने शंभर डावांत सुमारे ७६ गुण मिळवावेत आणि चारशेंचा असेल तर सुमारे ९१, असे हे गणित सांगते. एलो यांना आपल्या मापाची मर्यादा पुरेपूर ठाऊक होती; खळबळत्या पाण्यावर हिंदकळणाऱ्या बुचाची जागा वाऱ्यावर झुलणाऱ्या दोरीला बांधलेल्या मोजपट्टीने मोजण्याशी त्यांनी या उद्योगाची तुलना केली होती. दुर्दैवाने त्या उपमेतील पाणी, वारा आणि दोरी या तिन्ही गोष्टी खेळाडूंनी सोयीस्करपणे वगळल्या आणि मोजपट्टी तेवढी उराशी धरली.

ज्या देशाच्या राज्यघटनेने सरदारकीचे किताब देण्यास सरकारला मनाई केली, त्या देशातील बुद्धिबळपटूंनी एक नेमकी उतरंड उभी केली आहे. २२०० आणि त्यापुढे ‘मास्टर’, २००० ते २१९९ ‘एक्सपर्ट’, १८०० ते १९९९ ‘ए’ वर्ग, त्याखाली दोनशे-दोनशेच्या पायऱ्यांनी ‘बी’, ‘सी’, ‘डी’ आणि ‘ई’, अशी ती शिडी आहे. स्पर्धेच्या ठिकाणी दोन अनोळखी माणसे भेटली की गाव, व्यवसाय आणि कधी कधी नावही विचारले जाण्यापूर्वी रेटिंग विचारले जाते आणि या प्रश्नाचे उत्तर कधीही एका अंकात संपत नाही. ‘१६५०, पण गेल्या वर्षी १७४० होते’ हा उत्तराचा सर्वमान्य नमुना होय. त्यातील पूर्वार्ध ही वस्तुस्थिती असते आणि उत्तरार्ध हे चारित्र्य. घटलेल्या नव्वद अंकांची कारणे हॉटेलातील गादी, वातानुकूलन, नोकरीतील बदल, शेजारच्या टेबलावरील खोकला अशी पुष्कळ असतात. मात्र वाढलेल्या अंकांचे कारण आजवर एकच आढळले आहे आणि ते म्हणजे खेळाडूची बुद्धिमत्ता.

तथापि, या शिडीवरून सर्वांनाच वर जायचे असते असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. मोठ्या खुल्या स्पर्धांतून प्रत्येक गटाला स्वतंत्र रोख बक्षिसे असतात. २०१४ साली लास व्हेगासमध्ये झालेल्या ‘मिलियनेअर चेस’ या स्पर्धेत तर बक्षिसांची एकूण रक्कम दहा लाख डॉलर आणि प्रवेशशुल्क हजार डॉलर होते आणि खालच्या गटांतील विजेत्यांनाही ग्रँडमास्टरांनी हेवा करावा अशा रकमा ठेवलेल्या होत्या. सोळाशेखालील गटात पहिले येणे हे सोळाशेच्या वर जाण्यापेक्षा अधिक किफायतशीर आहे, हे एकदा कळले की काही बुद्धिमान माणसे लहानसहान स्पर्धांतून चिकाटीने हरू लागतात. याला तिकडे ‘सँडबॅगिंग’ म्हणतात. आपण मठ्ठ आहोत हे लेखी पुराव्यानिशी सिद्ध करण्यासाठी वर्षभर अभ्यास करणारा हा बहुधा जगातील एकमेव साधकवर्ग असावा. त्याला आवर घालण्यासाठी महासंघाने ‘तळरेषा’ आखली आहे. खेळाडूने गाठलेल्या सर्वोच्च रेटिंगमधून दोनशे वजा करून उरलेला अंक खालच्या शतकावर आणला की त्याची तळरेषा मिळते. एकदा १९४१ पर्यंत पोचलेला माणूस पुढे कितीही हरला तरी सहसा १७००च्या खाली जात नाही. ही एकच रेषा लबाडाला वेसण आणि वृद्धाला निवृत्तिवेतन अशी दोन्ही कामे करते, आणि स्वतःच्या तळरेषेवर बसलेला खेळाडू या दोहोंपैकी कोण, हे त्याच्या चेहऱ्यावरून ओळखता येत नाही.

एखादा प्रातिनिधिक डाव जवळून पाहिल्यास हे सारे अधिक स्पष्ट होईल. एका बाजूला १६५० रेटिंगचे, पन्नाशीचे, आयकराची कामे करणारे गृहस्थ आणि दुसऱ्या बाजूला १४५० रेटिंगची, न्यू जर्सीतील मराठी घरातली नऊ वर्षांची मुलगी, अशी जोडी कागदावर लागते. अमेरिकेतील बहुतेक खुल्या स्पर्धांत आयोजक फक्त टेबल आणि खुर्ची पुरवतात. पट, मोहरे आणि घड्याळ खेळाडूंनी घरून आणायचे असते, आणि काळ्या मोहऱ्यांचा खेळाडू वेळेवर हजर असल्यास कोणाचे साहित्य वापरायचे हे तो ठरवतो. पांढऱ्या मोहऱ्यांना पहिल्या चालीचा लाभ मिळतो, म्हणून काळ्यांना सामानाचा, असा हा समतोल आहे. गृहस्थ काळ्या मोहऱ्यांनी खेळणार असल्याने आपली गुंडाळी केलेली हिरवी-पांढरी प्लास्टिकची चटई उलगडतात, वजनदार मोहरे मांडतात, घोड्यांची तोंडे एकाच दिशेला आहेत याची खात्री करतात आणि समोर पाहतात, तर खुर्चीवर गुडघे टेकून उभी असलेली प्रतिस्पर्धी त्यांना दिसते, कारण बसले असता तिचा हात पलीकडच्या हत्तीपर्यंत पोचत नाही.

या क्षणी गृहस्थांच्या मनात बुद्धिबळ नसून अंकगणित असते. महासंघाच्या सूत्रात पुढे बऱ्याच सुधारणा झाल्या असल्या, तरी जुन्या सोप्या हिशेबाने एका डावात अपेक्षा आणि निकाल यांतील फरकाला ३२ ने गुणत असत. त्यानुसार दोनशेंनी पुढे असलेला खेळाडू जिंकला तर त्याला सुमारे आठ अंक मिळतात, बरोबरी झाली तर त्याचे आठ जातात आणि हरला तर चोवीस. याचा अर्थ असा की चार तास मान मोडून काम केल्याबद्दल आठ अंकांची मजुरी आणि एका चुकीबद्दल चोवीस अंकांचा दंड, अशा अटींवर ते कामाला लागलेले असतात. शिवाय अशा मुलांचे छापील रेटिंग तीन महिन्यांपूर्वीच्या मुलीचे असते आणि समोर बसते ती आजची, आणि मधल्या अवधीत तिने दोन शिक्षक, एक संगणक आणि उन्हाळ्याची सगळी सुट्टी संपवलेली असते. मोठ्या माणसांचे रेटिंग भूतकाळाचे आणि मुलांचे रेटिंगही भूतकाळाचेच. फरक इतकाच, की मोठ्यांच्या बाबतीत तो भूतकाळ अधिक उज्ज्वल असतो.

डाव सुरू होतो. मुलगी राजासमोरचे प्यादे दोन घरे पुढे सरकवते, घड्याळाचे बटण दाबते आणि चाल टिपून ठेवते. चालींची नोंद दोघांनाही करावी लागते. ज्या मोहऱ्याला हेतुपुरस्सर हात लागला ते चाललेच पाहिजे, हा दुसरा नियम. केवळ घरात नीट बसवायचे असेल तर तसे आधी बोलून दाखवावे लागते. तिसरी खास अमेरिकी सोय म्हणजे घड्याळातील विलंब, ज्यामुळे प्रत्येक चालीला पहिली काही सेकंदे, बहुधा पाच, खेळाडूच्या खात्यातून वजा होत नाहीत. विलंबाच्या या दयेवर मनुष्य अनेक चाली जिवंत राहू शकतो, फक्त त्याने विचार करता कामा नये. वेळ संपली तरी ते पंच सांगत नाहीत. प्रतिस्पर्ध्याच्या घड्याळाकडे लक्ष ठेवून ‘वेळ संपली’ असे स्वतः सांगावे लागते आणि दोघांचेही लक्ष नसेल तर डाव निवांत पुढे चालू राहतो.

दहाव्या चालीपर्यंत गृहस्थांनी राजाला किल्लेकोटात सुरक्षित ठेवलेले असते आणि मुलगी उठून शेजारच्या टेबलावरचा डाव पाहायला गेलेली असते. प्रौढ खेळाडूला याइतकी दुखावणारी दुसरी गोष्ट नाही. तो ज्या स्थितीवर अठरा मिनिटे डोके धरून बसला आहे, ती स्थिती प्रतिस्पर्ध्याला उभ्या उभ्या पाहण्याच्याही लायकीची वाटत नाही, असा त्याचा तो अर्थ लावतो. वास्तविक तिला फक्त पाय मोकळे करायचे असतात. पंचविसाव्या चालीला ती बरोबरीचा प्रस्ताव ठेवते. आठ अंकांचे नुकसान सौजन्याच्या वेष्टनात समोर आलेले पाहून गृहस्थ स्थितीचा नव्हे तर स्वाभिमानाचा विचार करतात, प्रस्ताव नाकारतात आणि जिंकण्यासाठी म्हणून उंट अशा घरी नेतात जिथून तो पुन्हा बाहेर पडत नाही. जिला सर्व परक्या पुरुषांना ‘काका’ म्हणावे असे घरी शिकवलेले आहे, ती मुलगी त्यानंतरच्या पंधरा चालींत या काकांचे एकेक प्यादे नम्रपणे उचलून टेबलाच्या कडेला ओळीने मांडते.

शिष्टाचाराच्या बाबतीत मात्र दोघेही निर्दोष असतात आणि त्याचे श्रेय फिलाडेल्फियाच्याच एका नागरिकाला द्यावे लागेल. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्या बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७८६ साली बुद्धिबळाच्या नीतीवर एक निबंध प्रसिद्ध केला. प्रतिस्पर्धी विचार करत असताना गुणगुणू नये, शीळ घालू नये, पायाने जमिनीवर किंवा बोटांनी टेबलावर ताल धरू नये, घड्याळाकडे पाहू नये, अशी पथ्ये त्यात सांगितली असून प्रेक्षकांनी तोंड मिटून बसावे असेही बजावले आहे. यांतील घड्याळाचे पथ्य सोडून बाकीची सर्व आजही पाळली जातात. जुन्या वाड्यांच्या ओट्यावर बुद्धिबळ शिकलेल्या मराठी माणसाला मात्र ही शांतता अनैसर्गिक वाटते, कारण तिथे डाव दोघांचा आणि चाली आठ जणांच्या असत आणि बघ्यांपैकी ज्याला मोहरे कसे चालतात हेही नीट ठाऊक नसे, त्याचा आवाज सर्वांत मोठा असे. अमेरिकी दालनात बघ्याने भुवई उचलली तरी पंच जवळ येऊन उभे राहतात.

हाच मराठी माणूस पालक झाल्यावर त्याला दालनाबाहेर बसवण्यात येते, कारण मुलांच्या स्पर्धांत पालकांना बहुधा पहिली काही मिनिटे छायाचित्र काढू देऊन बाहेर घालवले जाते. बाहेरच्या मार्गिकेत घड्या घालता येणाऱ्या खुर्च्या, लॅपटॉप, पोह्यांचे डबे आणि फ्लास्कमधला चहा यांसह एक समांतर स्पर्धा भरलेली असते. इथल्या प्रौढांचे स्वतःचे रेटिंग नसते, परंतु गटातील प्रत्येक मुलाचे रेटिंग, त्याची वाढ आणि त्याच्या शिक्षकाचे दर त्यांना तोंडपाठ असतात. मूल दारातून बाहेर आले की आई ‘काही खाल्लंस का’ असे विचारते आणि बाप ‘किती’ असे विचारतो, आणि त्या ‘किती’ला मिळायचे उत्तर एक, अर्धा किंवा शून्य असते. जिंकलेली मुले धावत येतात आणि हरलेली मुले आधी पाण्याच्या नळाकडे वळतात, एवढे ज्ञान पहिल्या दोन स्पर्धांत सर्व पालकांना झालेले असल्याने प्रश्न विचारण्याची खरे पाहता गरज नसते. तरीही तो विचारला जातो.

मोठ्या स्पर्धेत सर्वांत धास्ती बाळगली जाते ती मात्र मोठ्या अंकाची नव्हे, तर अंकच नसलेल्या माणसाची. १९९३च्या वर्ल्ड ओपनमध्ये रेटिंग नसलेला एक खेळाडू कानांना हेडफोन लावून अवतरला. त्याने नोंदणी जॉन फॉन नॉयमन या नावाने केली होती, जे नाव आधुनिक संगणकाची पायाभरणी करणाऱ्या आणि १९५७ साली दिवंगत झालेल्या गणितज्ञाचे होते. त्याच्या खिशातून अधूनमधून गुणगुण ऐकू येई. त्याने आइसलंडचे ग्रँडमास्टर हेल्गी ओलाफसन यांच्याशी बरोबरी साधली. पण बक्षीस देण्यापूर्वी आयोजकांनी त्याला बुद्धिबळाचे एक साधे कोडे सोडवायला सांगितले, तेव्हा तो न सोडवताच निघून गेला. ग्रँडमास्टरला रोखणाऱ्या माणसाला पोराटोरांचे कोडे सुटत नाही, यावरून खिशातील गुणगुण कसली होती याविषयी लोकांनी तर्क बांधले, ते अगदीच निराधार म्हणता येणार नाहीत.

याच्या उलट टोकाला व्हर्जिनियातील क्लॉड ब्लडगुड यांचे उदाहरण येते. खुनाच्या गुन्ह्यात तुरुंगात असलेल्या या खेळाडूने तुरुंगातच इतर कैद्यांशी शेकडो अधिकृत डाव खेळले. बाहेरच्या खेळाडूंशी ज्यांचा संबंधच येत नाही अशा बंदिस्त समूहात अंक एकमेकांतच फिरत राहतात आणि सर्वांत बलवान माणसाकडे साचत जातात. परिणामी १९९६ साली ब्लडगुड यांचे रेटिंग २७०२ झाले आणि कागदोपत्री ते अमेरिकेतील दुसऱ्या क्रमांकाचे खेळाडू ठरले. सूत्र चुकले नव्हते, बेरीज-वजाबाकी चोख होती आणि तरीही उत्तर अशक्य होते. आयुष्यभर घाम गाळूनही ‘ए’ वर्गात न पोचलेल्या असंख्य प्रामाणिक खेळाडूंना त्या यादीने नेमके काय वाटले असेल, याची कल्पनाच करावी.

अंकाला काय दिसत नाही, हे मात्र एका तेरा वर्षांच्या मुलाच्या डावावरून अधिक चांगले कळते. मे १९५६च्या अमेरिकी यादीत बॉबी फिशरचे रेटिंग १७२६ होते. आजच्या शिडीवर ही पायरी ‘बी’ वर्गाची, म्हणजे आपल्या आयकरवाल्या गृहस्थांचीच. त्याच वर्षी १७ ऑक्टोबरला न्यूयॉर्कच्या मार्शल चेस क्लबमध्ये एका स्पर्धेत काळ्या मोहऱ्यांनी खेळताना त्याने सतराव्या चालीला आपला वजीर डोनाल्ड बर्न यांच्यासारख्या मातब्बर खेळाडूसमोर मरायला सोडला, त्या मोबदल्यात त्यांचे सैन्य वेचून काढले आणि एकेचाळिसाव्या चालीला मात केली. बर्न यांनीही डाव मध्येच न सोडता मुलाला मात करू देण्याचे औदार्य दाखवले. बुद्धिबळलेखक हान्स क्मोख यांनी या डावाला शतकातील सर्वश्रेष्ठ डाव म्हटले आणि ते नाव टिकले. गुणतक्त्यात मात्र त्या अद्भुत डावापुढे ‘१’ एवढेच लिहिले गेले, जे प्रतिस्पर्ध्याने झोप न झाल्यामुळे वजीर गमावला असता तरी लिहिले गेले असते. आणि त्या स्पर्धेत फिशर अकरा डावांत साडेचार गुण मिळवून तळाच्या अर्ध्या भागात राहिला.

असे असूनही या उतरंडीविरुद्ध फारसे कोणी बंड करत नाही आणि त्याला कारण आहे. अमेरिकेत जाऊन वसलेल्या मराठी कुटुंबाला अंक नवे नसतात. कर्ज हवे तर तीन आकडी पतगुणांक, मुलांसाठी शाळा निवडायची तर शाळेचे गुण, महाविद्यालयासाठी प्रवेशपरीक्षेचे गुण आणि ग्रीन कार्डासाठी रांगेतील एक तारीख, जी कधी कधी मागेही सरकते. या सर्व अंकांमागे कोणी तरी न दिसणारा ठरवणारा बसलेला असतो. बुद्धिबळाचा अंक तेवढा वय, पगार, उच्चार, आडनाव आणि व्हिसा यांपैकी काहीही न विचारता ठरतो, टेबलाच्या पलीकडे बसलेल्या माणसाच्या डोळ्यांदेखत ठरतो आणि स्पर्धा संपल्यावर एक-दोन दिवसांत खात्यात जमाही होतो. पन्नाशीच्या गृहस्थाला आणि नऊ वर्षांच्या मुलीला हवापाण्याविषयी एक अक्षरही न बोलता चार तास समोरासमोर बसवणारी आणि त्यातील एकालाही दुसऱ्यावर मेहेरबानी केल्यासारखे वाटू न देणारी अन्य कोणतीही व्यवस्था त्या देशात सहजासहजी सापडणार नाही. फिलाडेल्फियाच्या जाहीरनाम्याने जी समता सर्वांना घाऊक वाटली, ती या दालनात एका डावापुरती किरकोळीने मिळते आणि तिच्यासाठी गृहस्थांना चोवीस अंक मोजावे लागतात. पुढच्या फेरीच्या जोड्या लागल्या की ते गेल्या वर्षीचे १७४० पुन्हा सांगू लागतात.